गाडीची ताकद खरंच वाढली का? स्टॉपवॉच, डोंगल, जीपीएस की डायनो

भाच्याने त्याच्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला मोकळा एअर फिल्टर आणि जाड तोंडाचा सायलेन्सर बसवला आणि संध्याकाळी मला नाशिकच्या गंगापूर रोडला एक चक्कर मारून आणली. "मामा, फरक कळतोय ना?" कळत होता. आवाज दुप्पट झाला होता. दुकानदाराने ‘आठ-दहा हॉर्सपॉवर नक्की’ असं तोंडी सांगितलेलं, बिलावर त्यातलं काही नाही. आता साहेबांना पुढचा खर्च करायचा होता, ईसीयू रीमॅपचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचा. मी म्हटलं, आधीचे पैसे कुठे गेले ते तर बघू.

मोजायचा सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे पाठीला सीटचा धक्का किती लागतो त्यावरून ठरवणं. त्यावर एक रुपयाही लावू नका. सायलेन्सर मोठ्याने वाजला की गाडी जोरात पळतेय असं वाटतंच. थ्रॉटल कंट्रोलरचं, म्हणजे पेडलला जोडायच्या डबीचं, तर आणखी वेगळं आहे. तो फक्त पेडल थोडं दाबलं तरी इंजिनाला ते जास्त दाबल्याचं सांगतो. पेडल पूर्ण तळाला गेलं की त्या डबीचं काम संपलं, ताकद तेवढीच.

बाकीच्या सगळ्या रस्त्यावरच्या पद्धतींचं मूळ एकच: गाडीचं वजन आणि वेग वाढायला लागलेला वेळ. वजन कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊ नका. आम्ही पंचवटीतल्या एका वजनकाट्यावर गेलो, पुढे कांद्याच्या तीन ट्रॉल्या. नंबर आल्यावर काट्यावाल्याने खिडकीतून विचारलं, "खाली की भरलेली?" म्हटलं, भरलेली, आम्ही दोघं आतच बसणार. "माल काय लिहू?" भाचा म्हणाला, "मामा." पावतीवर १०८० किलो. हे काटे ट्रकसाठीचे असल्याने आकडा ५ नाहीतर १० किलोच्या टप्प्यानेच सरकतो, पण आपल्या कामाला तेवढं पुरे.

आता हिशेब. दुसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० पर्यंत पेडल पूर्ण दाबून न्यायची. या गाडीत तेवढ्यात इंजिन साधारण ३००० वरून ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) जातं, म्हणजे ताकदीचा बराचसा पट्टा त्यात येतो, आणि हायवेवर ८० च्या आत राहिल्याने वेगमर्यादाही मोडत नाही. १०८० किलोला ४० वरून ८० ला न्यायला सुमारे २०० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याला ५ सेकंद लागले तर ४० किलोवॅट, म्हणजे साधारण ५४ हॉर्सपॉवर. ही चाकावरची सरासरी आहे. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध, फिरत्या भागांची जडता यात धरलेली नाही, म्हणून कंपनीच्या आकड्याशी ताडून बघू नका. आधी आणि नंतर दोन्ही वेळा तीच चूक होते, त्यामुळे फरक काढताना ती बरीचशी कटते. आपल्याला फरकच हवा आहे.

खरी गंमत इथेच आहे. ५ ऐवजी ४.८ सेकंद लागले तर आकडा ५६ च्या वर जातो. म्हणजे ०.२ सेकंदाला सव्वादोन हॉर्सपॉवर. आणि शेजारी बसलेल्या माणसाचं स्टॉपवॉचवरचं बोट तेवढं मागेपुढे आरामात होतं. साध्या पेट्रोल गाडीवर फिल्टरने जो काय फायदा होईल तो त्या बोटातच बुडून जातो. म्हणून हातातलं स्टॉपवॉच फक्त मोठ्या बदलासाठी, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलचा रीमॅप वगैरे. तिथे फरक इतका असतो की बोट चुकलं तरी दिसतो.

फुकटात याहून बरं काय, तर शेजाऱ्याने फोनवर आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ काढायचा. गिअर बदलला नाही आणि चाक जागच्या जागी फिरलं नाही तर आरपीएम आणि वेग बांधलेले असतात. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०३ सेकंद, घरी बसून फ्रेम मोजता येतात. चलाख लोक नुसता आवाज रेकॉर्ड करतात. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके देतं, ६००० ला २००. तीन सिलिंडर असतील तर ७५ आणि १५०. लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाच्या ठोक्यांचा आलेख) लावला की ती चढती रेघ दिसते आणि वेळ मोजता येतो. भाच्याला हे फार आवडलं, मला कंटाळा आला.

डोंगलबद्दल माझं मत थोडं कडू आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ईएलएम ३२७, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती फोनवर पाठवणारा डोंगल, लावला, फोनवर अॅप उघडलं की डायल फिरतो आणि हॉर्सपॉवर असं लिहिलेलं येतं. वाचणाऱ्याला वाटतं, गाडीच सांगतेय. गाडी तसं काही सांगत नाही. अॅप एकतर वजन आणि वेगावरून वरचाच हिशेब करतं, आणि तिथे आधीपासून भरलेलं वजन बरेच जण बदलतही नाहीत. नाहीतर हवेच्या सेन्सरवरून अंदाज बांधतं: पेट्रोल इंजिनात सेकंदाला १ ग्रॅम हवा म्हणजे ढोबळमानाने सव्वा हॉर्सपॉवर. डिझेल गरजेपेक्षा जास्तच हवा ओढतं, त्यामुळे तिथे हे गणित लागूच नाही. हवा मोजणाऱ्या सेन्सरपुढचा पाइप किंवा फिल्टर बदलला असेल तर सेन्सरचं वाचनच बदलू शकतं, मग ‘वाढलेली’ ताकद त्या चुकीच्या वाचनातली. वेग येतो तो पूर्ण किलोमीटरमध्ये, स्वस्त डोंगलवर सेकंदाला मोजक्याच वेळा. आणि मोठ्या व्यासाचे टायर टाकले असतील तर तो वेगही खोटा. तरीही डोंगल ठेवा, पण आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघायला. त्याचं काम खाली येतंच आहे.

घरगुती पद्धतींत माझं मत जीपीएसच्या डबीला. फोनचं जीपीएस सहसा सेकंदाला एकदाच जागा सांगतं, पाच सेकंदांच्या धावेत पाचच ठिपके. या कामासाठी मिळणाऱ्या डब्या सेकंदाला १० किंवा त्याहून जास्त वेळा मोजतात, त्यांना टायरच्या मापाशी देणंघेणं नाही, आणि त्यांतल्या चांगल्या डब्या रस्त्याचा चढही दाखवतात. चढ फार महत्त्वाचा आहे. १ टक्का, म्हणजे १०० मीटरमागे १ मीटर, डोळ्याला सपाटच वाटतो. पण ८० च्या वेगाला आमच्या या गाडीचे तो तीनेक हॉर्सपॉवर खातो. उलट्या दिशेला तेवढेच देतो. म्हणून धाव दोन्ही बाजूंनी घ्यायची. दुभाजकाच्या हायवेवर पलीकडचा रस्ता अगदी तसाच उतरेल याचा भरवसा नाही, तेव्हा तोच पट्टा, त्याच दिशेला, आधी आणि नंतर, हे जास्त बरं.

नाशिकमध्ये एक जास्तीची भानगड आहे, ती म्हणजे हवा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर आहोत, हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. टर्बो नसलेली गाडी कसारा उतरली की काहीही न बदलता जोरकस होते. त्यात ऋतू. निफाडकडच्या थंडीत पहाटे १० अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश, या दोन हवांच्या घनतेत जवळपास दहा टक्क्यांचा फरक. दिवाळीआधी मोजलं, थंडीत फिल्टर टाकला, पुन्हा मोजलं आणि ‘चार हॉर्सपॉवर वाढले’ म्हटलं, तर ते थंडीचे असतील. एकाच सकाळी, एकाच पेट्रोलवर, टायरची हवा तीच, एसी बंद. दोन धावांमध्ये गाडी जरा चालवून आत जाणारी हवा पुन्हा तेवढीच थंड झाली का, हे सांगायला तो डोंगल.

डायनो म्हणजे गाडी रोलरवर चढवून ताकद मोजायचं यंत्र. त्यासाठी आम्हाला पुण्या-मुंबईकडे जावं लागलं असतं. पुणं २१० किलोमीटर, जाऊन-येऊन दिवस गेला. रोलरवर चाकं फिरतात आणि आरपीएमप्रमाणे पूर्ण आलेख हातात पडतो, जो रस्त्यावर असा नीट कधीच मिळत नाही. रीमॅप करणारा त्याच डायनोवर आधी आणि नंतर मोजून देणार असेल तरच तिथे जा. गाडी बांधायचे पट्टे किती आवळले, कोणता गिअर, समोरचा पंखा केवढा, यावर आकडा हलतो, त्यामुळे दोन वेगळ्या डायनोंची तुलना करू नका. आणि आलेखावर हवामानाची दुरुस्ती (हवेचं तापमान-दाब धरून आकड्यात केलेला बदल) कोणती लावली ते विचारा. टर्बो विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करतो. त्याला वरून आणखी दुरुस्तीचा गुणक लावला की आकडा फुगतो.

तेव्हा फिल्टर, सायलेन्सर असा छोटा बदल असेल तर जीपीएसची डबी कुणाची तरी उसनी घ्या आणि निदान सहा-सहा धावा करा. टर्बो गाडीचा रीमॅप असेल तर व्हिडिओही पुरतो. पैसे भरण्याआधी दुकानदाराकडून पुरावा हवा असेल तर डायनो. घरची कुठलीही पद्धत घ्या, बदल करण्याआधी मोजा, एवढं विसरू नका. आम्ही तेच विसरलो होतो.

सायलेन्सर तर वेल्ड झालेला. पण जुना फिल्टर गॅरेजमध्ये होता. रविवारी पहाटे ओझरच्या पुढे, वर्दळ सुरू व्हायच्या आत, जुना, नवा, पुन्हा जुना अशा तीन खेपा केल्या. जुन्याच्या धावा ५.०१ ते ५.१२ सेकंद, नव्याच्या ४.९९ ते ५.१०. भाचा बराच वेळ फोनकडे बघत राहिला. मग बॉनेट उघडंच होतं म्हणून विचारलं, आता कुठला ठेवायचा? बाजूने कांद्याची ट्रॉली गेली, तिचा फोलपटांचा धुरळा इंजिनवर आला. "जुनाच राहू दे मामा," म्हणाला. रीमॅपचा विषय परतीच्या वाटेवर निघाला नाही.