वाड्यातला हिस्सा की पोळीतलं घर?

बडोद्यात जुन्या वस्तीत घर घ्यायचं म्हटलं की गाडी शेवटी याच दोन पर्यायांवर येते: मांडवीच्या आसपास एखाद्या पोळीतलं, म्हणजे भिंतीला भिंत लावून घरं असलेल्या जुन्या गल्लीतलं अरुंद घर, नाहीतर रावपुरा-दांडिया बाजारकडे वाड्यातला हिस्सा. मी दोन्हीकडे राहिलो आहे.

देखणेपणात वाडा पुढे, यात वाद नको. सागवानी खांब, ओसरी, चौकातून घरभर पसरणारा उजेड. १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा सवडीने पाहून या. भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं बघून कुणालाही वाड्यात राहावंसं वाटेल. फक्त तो पुरातत्त्व खातं सांभाळतं. तुमच्या हिश्श्याकडे ते खातं फिरकणार नाही.

पोळीतल्या घराचं तोंड जेमतेम एका खोलीएवढं. आत मात्र ओटला (दारापुढचा ओटा), खडकी (दारामागची देवडी), चौक, परसाळ (चौकापलीकडची ओसरी), ओरडो (सगळ्यात आतली खोली) असं खोल जात राहतं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे बाजूंनी ऊन लागत नाही. मे महिन्यात तळमजल्यावर आमचं पंख्यावर भागतं. वाड्यात माडीवर दुपारी बसवत नसे. आमचा हिस्सा पश्चिमेचा होता, हेही खरं. जुन्या विटकामात मधूनमधून लाकडाच्या आडव्या पट्ट्या असतात. भूकंपात भिंत एकदम फुटू नये, थोडी लवावी, ही त्यामागची अक्कल. घर दाखवताना दलाल हे सांगत नाहीत, जिना किती उभा आहे तेही सांगत नाहीत. गुडघे दुखत असतील तर पोळीचा विचार जपून करा.

माझा निर्णय झाला तो कौलांवरून. पावसाळ्याआधी कौलं चाळून घ्यावीच लागतात. वाड्यात हिस्से खोल्यांचे पडतात, छप्पर सगळ्यांचं राहतं. खालच्याला गळत नाही, म्हणून तो वर्गणी देत नाही. एक चुलतभाऊ पुण्याला, दुसऱ्याचा फोन लागत नाही, आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचं नाव. गवंडी दारात उभा आणि आम्ही सह्या गोळा करतोय, असं दर वर्षी. तोवर मृग लागायचा आणि देवघरात पातेली मांडायची वेळ यायची.

पोळीतही भांडणं आहेतच. दोन घरांची लाकडं एकाच भिंतीत बसलेली, शेजारच्या मोरीची ओल आपल्याकडे झिरपते. पण तिथे समजूत एकाच माणसाची काढायची असते आणि तो ओटल्यावरच बसलेला असतो. पायापासून छपरापर्यंत बाकी सगळं आपलं.

सगळे भाऊबंद गावात असून एकमेकांशी बोलत असतील, तर वाडा जरूर घ्या. नाहीतर घडियाळी पोळीकडे एक चक्कर मारा, तीही भर श्रावणात. सामाईक भिंतीत गेलेली तुळयांची टोकं हाताने दाबून बघा. भुसा निघाला तर पुढचं घर बघा.