एमएस्सीच्या प्रबंधासाठी आर्गोचा डेटा: फुकट आहे, पण डोळे उघडे ठेवून घ्या

भौतिक समुद्रविज्ञानाचा प्रबंध बहुतेक विद्यार्थ्यांना संशोधन जहाजावर पाऊल न ठेवताच लिहावा लागतो. भर समुद्राच्या आतलं तापमान आणि क्षारता हवी असेल, तर आर्गोइतकी, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजयंत्रांच्या (फ्लोटांच्या) जागतिक ताफ्याइतकी चांगली फुकट सोय दुसरी नाही. डेटा उतरवणं सोपं आहे. त्यातला चुकीचा स्तंभ उचलणं त्याहून सोपं.

जगभर सुमारे ४,००० फ्लोट फिरत असतात. फ्लोट साधारण १,००० मीटरवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि वर येताना दाब, तापमान, क्षारता मोजून उपग्रहामार्फत पाठवतो; अशा एका फेरीतल्या खोलीनुसार नोंदींना ‘प्रोफाइल’ म्हणतात. भारतीय फ्लोटांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही महासागर माहिती सेवा देणारी राष्ट्रीय संस्था पाहते. सगळा डेटा फ्रान्समधल्या ब्रेस्ट आणि अमेरिकेतल्या माँटेरे इथल्या जागतिक केंद्रांवर मिळतो. नोंदणी नाही, पैसे नाहीत, विभागप्रमुखांच्या सहीचं पत्रही नाही.

खरी मेख ‘डेटा मोड’मध्ये, म्हणजे डेटा किती तपासला आहे हे सांगणाऱ्या अक्षरात आहे. ‘आर’ म्हणजे फक्त स्वयंचलित तपासणी झालेला ताजा डेटा, ‘ए’ म्हणजे त्यावर तात्पुरती दुरुस्ती केलेला, आणि ‘डी’ म्हणजे तज्ज्ञांनी साधारण वर्षभराने तपासून दिलेला. फाइलमध्ये क्षारतेचे दोन स्तंभ असतात: मूळ आणि ‘ॲडजस्टेड’, म्हणजे दुरुस्त केलेला. सरसकट मूळ स्तंभ घेतला तर सेन्सरचा सरकलेपणा तुमच्या आलेखात समुद्राचा बदल म्हणून दिसतो. काही सेन्सर क्षारता जास्त दाखवू लागल्यामुळे २०१६ च्या आसपासपासून जागतिक क्षारता वाढल्याचा असाच आभास निर्माण झाला होता. सरसकट ‘ॲडजस्टेड’ घेतला तर ‘आर’ फाइलींत तो रिकामा असतो आणि अलीकडचे महिने गायब होतात. म्हणून प्रत्येक प्रोफाइलचा मोड वाचा: ‘आर’ला मूळ, ‘ए’ आणि ‘डी’ला ॲडजस्टेड. दीर्घकालीन कल काढायचा असेल तर फक्त ‘डी’, आणि क्यूसी फ्लॅग (प्रत्येक नोंदीच्या दर्जाची खूण) १, म्हणजे ‘चांगली’.

हे फ्लॅग अंक म्हणून नव्हे, अक्षर म्हणून साठवलेले असतात. कोडमध्ये त्यांची तुलना पूर्णांक १ शी केली की एकही नोंद उरत नाही, आणि विद्यार्थी सर्व्हरला दोष देत बसतो. तारीख १ जानेवारी १९५० पासूनच्या दिवसांत असते. १९७० धरली तर सगळं वीस वर्षं पुढे सरकतं. एका फाइलीत दोन प्रोफाइल असतील तर मुख्य मोजणीचं, म्हणजे पहिलं घ्या.

पायथनमधली ‘आर्गोपाय’ लायब्ररी ‘स्टँडर्ड’ मोडमध्ये स्तंभ आणि फ्लॅगची निवड स्वतःच करते. वापराच, पण त्याआधी एक तरी फ्लोट हाताने उघडून पाहा, नाहीतर तोंडी परीक्षेत उत्तर सुचणार नाही. अख्खा अरबी समुद्र आणि वीस वर्षं एकाच विनंतीत मागितली तर सर्व्हर हात टेकू शकतो. वर्षावर्षाचे तुकडे पाडा.

घनता काढताना क्रम चुकवू नका. आर्गोची क्षारता ‘प्रॅक्टिकल’, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढलेली असते. समुद्राच्या पाण्याचे गुणधर्म काढणाऱ्या जीएसडब्ल्यू पॅकेजात आधी दाब, रेखांश, अक्षांश देऊन निरपेक्ष क्षारता (किलोमागे विरघळलेल्या क्षारांचे ग्रॅम) काढा, मग कॉन्झर्व्हेटिव्ह तापमान (पाण्यातल्या उष्णतेवर आधारलेलं), मग घनता. पहिली पायरी गाळली तर क्षारता सुमारे ०.१७ ग्रॅम प्रतिकिलो कमी पडते आणि घनता साधारण ०.१३ किलो प्रतिघनमीटरने घसरते. मिश्र थराच्या (पृष्ठभागाजवळच्या एकसारख्या ढवळलेल्या पाण्याच्या) खोलीवर याचा फारसा परिणाम होत नाही, कारण तिथे फरक मोजायचा असतो. जलराशी (ठरावीक तापमान-क्षारतेचे पाण्याचे साठे) ओळखताना मात्र नक्की होतो.

बंगालच्या उपसागरावर काम करणाऱ्यांनी विशेष जपावं. पृष्ठभागावरची घाण आत जाऊ नये म्हणून सेन्सरचा पंप साधारण ५ डेसिबार दाबाला, म्हणजे सुमारे ५ मीटर खोलीवर बंद होतो, त्यामुळे वरचे चार-पाच मीटर सहसा मिळत नाहीत. पावसाळ्यानंतर उत्तरेला नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर कधीकधी दहा मीटरपेक्षाही पातळ असतो. अशा वेळी १० मीटर हा संदर्भ आणि घनता तिथल्यापेक्षा ०.०३ किलो प्रतिघनमीटरने वाढली की मिश्र थर संपला, हा नेहमीचा निकष वापरला, तर संदर्भच त्या थराखाली जातो आणि मिश्र थर खोटा खोल निघतो. अशी प्रोफाइलं वेगळी काढून सर्वांत वरच्या नोंदीपासून हिशेब करा आणि तसं प्रबंधात लिहा.

कोकण किनाऱ्यावरच्या अपवेलिंगचा (खालचं थंड पाणी वर येण्याचा) विषय मनात असेल तर आर्गोच्या नादी लागू नका. फ्लोट खोल पाण्यासाठी असतात. भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात त्यांच्या नोंदी जवळजवळ नसतातच. दहा दिवसांच्या अंतरामुळे इनर्शियल दोलनंही (पृथ्वीच्या परिवलनामुळे पाणी गोल फिरत राहण्याची हालचाल) हाती लागत नाहीत; १५ अंश उत्तरेला त्यांचा आवर्तनकाळच ४६ तासांचा.

एक अंशाच्या चौकटींत सरासरी मांडलेले, म्हणजे ग्रिड केलेले मासिक संच ऋतुचक्रासाठी उत्तम, पण त्यांत भोवरे आणि तीव्र सीमा पुसट होतात. आणि ‘आर’ फाइल पुढे ‘डी’ झाली की आकडे बदलतात, म्हणून प्रबंधासाठी जागतिक केंद्राची डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) असलेली संपूर्ण डेटाची मासिक प्रतच उतरवा आणि तिचा महिना पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा.