एनिग्मा२ बॉक्सवर मुक्ता फॉन्ट: पोळ्यापासून गहू निघेपर्यंत

आर्णी तालुक्यातल्या आमच्या घरी छत्री फ्री डिशचीच, जीसॅट-१५ उपग्रहाकडे तोंड केलेली. बॉक्स मात्र लिनक्सचा, एनिग्मा२ या सॉफ्टवेअरवर चालणारा. त्याचा फॉन्ट पोळ्याच्या सुमारास बदलला. आता गहू निघाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मायला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून चॅनेलच्या याद्यांना मराठी नावं दिली, तर टीव्हीवर नुसते चौकोन. "हे डबे डबे काय दिसून रायले रे?" मूळ फॉन्टात देवनागरी नव्हतीच. मग मुक्ता हा देवनागरी फॉन्ट घेतला. फुकट आहे, परवाना खुला आहे आणि रोमन अक्षरंही त्यातच आहेत, म्हणजे इंग्रजी नावांसाठी वेगळा फॉन्ट नको.

फॉन्टची फाइल सहसा बॉक्समधल्या यूएसआरखालच्या शेअर-फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकतात. पण नवी इमेज, म्हणजे बॉक्सचं सगळं सॉफ्टवेअर, नव्याने चढवली की तिथलं सगळं पुसलं जातं. मी ती ईटीसीमधल्या एनिग्मा२ फोल्डरमध्येच ठेवली आणि तिथल्याच 'स्किन_यूजर' एक्सएमएलमध्ये, म्हणजे स्किन (पडद्यावरची मांडणी) आपल्यापुरती बदलायच्या फाइलीत, फॉन्टचा पूर्ण पत्ता दिला. सेटिंगच्या बॅकअपमध्ये हा फोल्डर येतो. मधे इमेज बदलली, फॉन्ट जागेवर.

चौकोन गेले, पण खरी गंमत पुढे. या बॉक्सला अक्षरं जुळवता येत नाहीत. फाइलीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने एकेक मांडत जातो. त्यामुळे पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसतात. कोणताही फॉन्ट टाका, हे सुटत नाही. दोष फॉन्टचा नाहीच. उपाय जुन्या टायपिंगवाल्यांचा: वेलांटी आधी, अक्षर नंतर. 'सिनेमा' हे नाव मी 'िसनेमा' असं भरलं. मोबाइलवर ओपनवेबिफमध्ये (ब्राउझरमधून बॉक्स चालवायचं पान) ते विचित्र दिसतं, टीव्हीवर अगदी बरोबर. जोडाक्षराला मात्र अशी युक्ती नाही. म्हणून 'बातम्या'ची 'खबर' झाली, 'चित्रपट' तर विचारातच घेतला नाही. भजन, शेती, गाणी, नाटक ही नावं सरळ चालली.

अक्षरांचा आकार त्याच एक्सएमएलमधल्या फॉन्टच्या 'स्केल' या टक्केवारीने वाढतो. खाटेवरून वाचता यावं म्हणून शंभराचे एकशे वीस केले, तर यादीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले गेले, कारण ओळीची उंची स्किनमध्ये ठरलेली असते. एकशे दहावर थांबलो. ज्यांना स्किनमधली उंची बदलायची तयारी आहे त्यांनी पुढे जावं.

वेगात फरक जाणवला नाही. लाइट गेल्यावर बॉक्स सुरू व्हायला आधीही उशीर लागायचा, आताही लागतो.

माय आता यादी स्वतः उघडते. कार्यक्रमांची माहिती मात्र चॅनेलवाले पाठवतील तशीच येते, तिथे आपण वेलांटी हलवू शकत नाही. ती खिडकी मी तिच्यासाठी बंदच ठेवली आहे.