उसवण, नदीष्ट, रिंगाण, उद्या: आधी कोणतं घ्यावं?

मराठी वाचन मधे बरीच वर्षं सुटलेलं, आता पुन्हा धरायचंय, आणि दुकानात गेलं की कॉलेजात वाचलेलीच पुस्तकं नवी मुखपृष्ठं लावून समोर येतात. अशा माणसाने अलीकडचं काय घ्यावं, हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. मग साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची यादी काढली जाते. यादी वाईट नाही. 2020 साली नंदा खरे यांची 'उद्या', 2021 ला किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', 2022 ला प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', 2023 ला कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. सलग चार वर्षं कथा-कादंबऱ्याच. पण दिवसभर राबून आल्यावर रात्री साडेदहाला यातलं कोणतं हातात टिकेल, ते यादीत लिहिलेलं नसतं.

विषयावरून निवडायला जाल तर फसाल. विषय सगळ्यांचेच जड आहेत. मी निवेदनाच्या भाषेवरून निवडतो. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं वाचायची. सांगणाऱ्याचा सूर कानाला लागला तर पुस्तक घरी न्यायचं, नाहीतर परत फळीवर.

या कसोटीवर पहिल्यांदा हाती द्यावीत अशी दोन पुस्तकं: देविदास सौदागर यांची 'उसवण' आणि मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट'. दोन्हींची भाषा बिनअडथळ्याची, पण स्वभाव अगदी उलटे.

'उसवण' ही तयार कपड्यांच्या लाटेत धंदा बुडत चाललेल्या शिंप्याची गोष्ट. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिलाई मशीनवर बसलेले, आणि ते पानापानांत कळतं. साहित्य अकादमीचा 2024 चा युवा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. मला आवडलं ते त्याचं कोरडेपण. कुठे हंबरडा नाही, व्यवस्थेवर भाषण नाही. पैसा येतो कुठून, जातो कुठे, कुणाचं देणं राहिलंय, एवढंच दिसत राहतं आणि तेवढ्यानेच पोटात कालवतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे आता बहुतेक अल्टरचीच कामं येतात, म्हणून मला जरा जास्तच लागलं असेल. तक्रार एकच: आजूबाजूची माणसं येतात, आपलं काम करतात आणि निघून जातात. त्यांच्यापाशी आणखी थांबायला हवं होतं. पण लहान पुस्तक आहे, एका रविवारात संपतं, आणि वाचन सुटलेल्याला आधी एखादं पुस्तक संपल्याचा आनंद हवा असतो.

'नदीष्ट' मात्र पसरणारी, भावनेने ओथंबलेली. नांदेडला गोदावरीत रोज पोहायला जाणारा निवेदक आणि नदीकाठी त्याला भेटणारी माणसं, एवढाच ऐवज. त्यातली एक तृतीयपंथी व्यक्तिरेखा माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. शहरातली सभ्य माणसं जिच्याकडे पाठ फिरवतात, तिच्याशी निवेदक ज्या सहजपणे बोलत बसतो, ते या पुस्तकाचं खरं बळ. पाण्याची वर्णनंही अशी, की पोहता न येणाऱ्यालाही दम लागावा. खटकलं ते असं, की निवेदकाला सारखं भरून येतं. एखादा प्रसंग नुसता सांगून सोडला असता तर जास्त उतरला असता, तिथे त्यावर दोन ओळी चिंतनाच्या येतात. ज्यांना असं चिंतन आवडतं ते याच ओळी पेन्सिलीने अधोरेखित करतात, हेही मी पाहिलंय. तुम्ही अधोरेखित करणाऱ्यांपैकी असाल तर 'नदीष्ट', नसाल तर 'उसवण'.

आता 'रिंगाण'. या सगळ्यांत मला सर्वात मोठं वाटलेलं पुस्तक हेच, आणि सुरुवात यापासून करू नका असं सांगावं लागतं तेही हेच. धरणामुळे उठलेलं गाव, नव्या जागी न रुजलेली माणसं, आणि मागे सोडून दिलेल्या म्हशी. देवाप्पा म्हैस आणायला जुन्या जागी परत जातो, तर ती रानटी झालेली. कालची दावणीची म्हैस आज त्याला ओळख देत नाही. कोयनेपासून महाराष्ट्रात धरणग्रस्तांवर पुष्कळ लिहून-बोलून झालंय: मोबदला, पर्यायी जमीन, मोर्चे, अर्ज. पंचनाम्यात घर येतं, झाडं येतात, विहीर येते. जनावराचं काय झालं याला रकाना नसतो. खोत तो रकाना उघडतात. माणूस आणि म्हैस एकमेकांना जोखत राहतात तो भाग मी श्वास रोखून वाचला. त्यात शिकार आहे, माया आहे, अपराधीपणाही आहे, आणि कोण कुणाच्या रानात घुसलंय हेच शेवटी नक्की सांगता येत नाही.

पण भाषा पन्हाळ्याकडची, तीही फक्त संवादांत नाही तर निवेदनातही. कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला घरी आल्यासारखं वाटेल. नागपूरचा किंवा दादरचा वाचक पहिल्या तीसेक पानांत अडखळणार. त्यावर उपाय एकच, मोठ्याने वाचा. वाक्यं बोलण्याच्या लयीत रचलेली आहेत, कानाने लगेच कळतात. घाईने कथानक काढून घ्यायची सवय असलेल्याने मात्र या वाटेला जाऊ नये. कथानक चार ओळींत मीच वर सांगून टाकलंय, आणि त्याने पुस्तकाचं काही बिघडत नाही.

'उद्या'ची अडचण वेगळी. भाषा प्रमाण, वाक्यं खुसखुशीत, पण धागे अनेक आणि वाचकाला हाताला धरून नेणं नंदा खरे यांच्या स्वभावात नव्हतं. पाळत, कंपन्यांची सत्ता, माणसाची माहितीत झालेली विभागणी: दहाएक वर्षांपूर्वी लिहिलेलं हे भविष्य आज वाचताना मधेच फोन उलटा करून ठेवावासा वाटतो. माणसांत गुंतण्यापेक्षा विचारांत गुंतायला आवडणाऱ्यांचं हे पुस्तक. मला पात्रं फारशी आठवत नाहीत, वातावरण लख्ख आठवतं. इंजिनिअर, आयटीवाले, बातम्यांवर वाद घालणारे काका, यांना बिनधास्त द्या. खऱ्यांनी अकादमीचा पुरस्कार नाकारला होता. त्यामुळे 'पुरस्कारप्राप्त' म्हणून ते भेट देणं जरा गमतीचंच.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. कादंबरीचा धीर नसेल तर गुरवांच्या दीर्घकथा घ्या. गावातून शिकायला शहरात आलेल्या मुलाचं बुजरेपण त्यांच्याइतक्या मिश्कीलपणे अलीकडे कुणी लिहिलेलं मला ठाऊक नाही. खरं तर 'रिंगाण'कडे जाण्याआधीचा थांबा म्हणूनही ते छान आहे, मुलूख तोच कोल्हापूरचा आणि वाट सोपी. बांदेकरांची कादंबरी कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांच्या आडून आजच्या राजकारणावर रोखलेली. सलग वेळ हाताशी असेल तरच घ्या, तुकड्यातुकड्यांनी वाचली की धागा हातून निसटतो. अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' हा कवितासंग्रह (2019 चा अकादमी पुरस्कार) कशाच्याही सोबत चालतो. रात्री दोन कविता, बास.

आणि वाचणारा कुणी परदेशात असेल, बोलीशी संबंध फक्त आजीच्या फोनपुरता उरला असेल, तर मी 'नदीष्ट'च पाठवीन, माझी वरची कुरकुर बाजूला ठेवून. आजी कोल्हापूरकडची असेल तर मात्र 'रिंगाण' पाठवा, आणि फोनवर तिच्याकडूनच वाचून घ्यायला सांगा.