सुराचा कान तपासायचा कशावर? मोबाइल, पेटी की तंबोरा

पोराला तालुक्याच्या गावी गायनाच्या क्लासला घालायचं, की भजनी मंडळात नुसतं टाळ धरून बसवायचं, हे ठरवताना बहुतेक घरांत एकच चाचणी होते : "गाऊन दाखव." पोट्टं सूर सोडून गातं, मंडळी म्हणतात याला सुराचा गंध नाही, आणि विषय तिथंच मिटतो. पण ही परीक्षा झाली गळ्याची. कान पक्का आणि गळा कच्चा अशी माणसं गावोगाव सापडतात. कानालाच सुरांतला फरक धड कळत नाही, अशी फार थोडी. त्यांचं प्रमाण पूर्वी ४ टक्के धरत. नंतरच्या मोठ्या पाहणीत ते १.५ टक्क्याच्या आसपास निघालं. तेव्हा कान वेगळा तपासा, गळा वेगळा तपासा.

मोबाइल

मोबाइलवरच्या चाचण्यांत दोन सूर ऐकवतात आणि दुसरा चढा की उतरता ते विचारतात. मोजमाप सेंटमध्ये असतं. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे पांढरी १ आणि काळी १ यांच्यात, १०० सेंट. पूर्ण सप्तकात १२००. चाचणी १०० पासून सुरू होऊन ५०, २५, १२ अशी बारीक होत जाते. इतका बारीक फरक पेटीवर काढताच येत नाही, आणि मोबाइलचा खरा उपयोग तेवढाच.

निकाल वाचताना मात्र गफलत होते. उत्तरं दोनच असल्यामुळे नुसते ठोकताळे मारले तरी २० पैकी १० बरोबर येतात, आणि अंदाजानेच १२ किंवा जास्त येण्याची शक्यता चारात एक आहे. म्हणून २० पैकी १५ च्या खाली त्या पायरीला पास धरू नका. २५ सेंटची पायरी नीट पार झाली, तर भजनाला आणि क्लासला कान पुरेसा आहे.

वायरचे इयरफोन घ्या, कारण मोबाइलच्या स्पीकरातून खालचे सूर नीट निघत नाहीत. उन्हाळ्यात कुलर बंद करा. त्याच्या घरघरीत खर्जाचे सूर बुडतात. सर्दी असेल किंवा कान वाहत असेल, तर चाचणी पुढं ढकला. दोन्ही कान वेगवेगळे तपासलेत आणि फरक जास्त दिसला, तर आधी कानाच्या डॉक्टरकडं जा, गाण्याचं मग बघू.

चालीवर आधारलेल्या चाचण्याही आहेत. २००३ ची कॅनडातल्या माँट्रियलची, सुराचा कानच नसलेली माणसं शोधणारी चाचणी सहा भागांची आहे आणि त्यात लय आणि आठवणही तपासतात. पण तिच्या चाली पाश्चात्त्य वळणाच्या. खंजिरी भजनावर वाढलेल्या कानाला त्या परक्या वाटतात, त्यामुळे तिथले थोडे कमी गुण मनावर घेऊ नयेत.

पेटी

गावात सर्वांत सोयीची हीच. देवळात असते, लाइट नसली तरी वाजते, आणि पोरगं तिला बिचकत नाही. मुलाला पाठमोरं बसवा. आधी सा आणि प वाजवा, मग सा-ग, सा-रे, शेवटी सा आणि कोमल रे. "वरचा कोणता" असं विचारलं की लहान पोरं मोठा आवाज सांगतात. "बारीक कोणता, जाड कोणता" असं विचारा. प्रत्येक वेळी खालचा सूर आधी वाजवू नका, चार जोड्यांत पोरगं क्रमच पाठ करतं.

दुसरी पायरी जास्त बोलकी. चार-पाच सुरांचा तुकडा दोनदा वाजवा, कधी तसाच, कधी मधला एक सूर बदलून. सारखा होता की बदलला, एवढंच सांगायचं. इथं सुराची आठवण कळते, आणि चाल उचलायला तीच लागते.

घोळ होतो तो भात्याचा. जोरात हवा दिली की आवाज मोठा होतोच, शिवाय सूरही किंचित हलतो. भाता सारखा ठेवा, कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी सोय) बंद, आणि सुरांची, म्हणजे आतल्या पितळी पत्त्यांची, एकच ओळ उघडी. दोन ओळी एकमेकींत जुळलेल्या नसल्या तर सूर थरथरतो आणि मुलाचा गोंधळ उडतो. एखाद्या पत्तीत धूळ अडकली असेल, तर ती पट्टी वापरूच नका.

जुनी पेटी प्रमाण सुराला असेलच असं नाही. मधल्या सप्तकातली पांढरी ६ दाबून ट्यूनर ॲपवर (सूर मोजणाऱ्या ॲपवर) पाहा : ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, यायला हवं. ४३० दाखवलं, तर पेटी जवळजवळ ४० सेंट उतरली आहे. तिच्याबरोबर नीट गाणारा गडी ॲपवर बेसूर ठरेल. म्हणून पेटीवर घेतलेली परीक्षा ॲपने तपासू नका.

तंबोरा

गळा तपासायला पेटीपेक्षा तंबोरा सरस. पेटी प्रत्येक सूर हातात देते. तंबोरा फक्त सा आणि प धरून ठेवतो, बाकीचा सूर गाणाऱ्याला स्वतः लावावा लागतो. खरा तंबोरा नसला तर ॲप चालतं. सा पुरुषांना साधारण पांढरी १ ते काळी २, बायकांना काळी ४-५ लावून बघा. मंडळाची पट्टी, म्हणजे गायचा सा, चढी असते म्हणून परीक्षाही तिथंच घेतली, तर ताणलेला गळा बेसूर होणारच.

सा पाच सेकंद धरायला सांगा. सूर जवळ येऊनही लागला नसेल, तर आवाजात लाटा ऐकू येतात. सा काळी १ चा, म्हणजे २७७ हर्ट्झचा, आणि १० सेंटची चूक असेल, तर सेकंदाला दीडेक लाट. गाणाऱ्याने त्या ऐकून सूर सरकवला, तर कान आणि गळा दोन्ही कामाचे.

ट्यूनरवर मोजायचं, तर मोबाइल दोन लागतात आणि तंबोरा गाणाऱ्याच्या एका कानात इयरफोनने द्यावा लागतो. नाहीतर ट्यूनर तंबोराच मोजत बसतो. आणि शुद्ध गंधार तंबोऱ्याशी अगदी मिळाला, तरी ट्यूनर १४ सेंट कमी दाखवतो. तंबोऱ्याच्या सा मधून आपोआप उमटणारा गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, ट्यूनर आणि पेटीचा ४०० वर. तिथं पोराला सूर चढवायला लावलंत, तर चांगला लागलेला सूर बिघडवाल.

कोणाला काय

क्लासचा निर्णय असेल, तर पेटीची दुसरी पायरी आणि तंबोऱ्यावरचा सा, एवढं बास. मोबाइल वगळला तरी चालेल. पेटीवर १०० सेंटचा फरकच कळत नसेल, तेव्हा मात्र मोबाइलवर शांतपणे खात्री करून घ्या. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकासाठी किंवा दंडारीसाठी, म्हणजे तिथल्या लोकनाट्यासाठी, गडी निवडायचा असेल, तर तंबोरा बाजूला ठेवा आणि ज्या पेटीवर तो गाणार तिच्यावर, त्याच पट्टीत ऐका.

शिकवणारे मास्तर मिळत असतील, तर तीनही साधनांपेक्षा त्यांची दहा मिनिटं भारी. पहिल्या वेळचा सूर चुकला याला ते महत्त्व देत नाहीत. दुरुस्ती सांगितल्यावर तिसऱ्या वेळी तो सुधारतो का, हे बघतात. फक्त ही परीक्षा चारचौघांत नको, लाजरं पोरगं तिथं पडतंच.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असेल, तर गळ्याची परीक्षा घेऊच नका. कान आत्ता तपासा, गळा आवाज बसल्यावर.