९-४ चा जुना लाँगबोर्ड आणि ६-२ चा नवा थ्रस्टर: दोन हिवाळे वापरून

नाशिकच्या अंबडला माझी फायबरची छोटी शेड आहे. टाक्या, कुलरच्या बॉड्या, मशीनची कव्हरं अशी कामं चालतात. ऑफिसच्या माळ्यावर दोन सर्फबोर्ड ठेवलेत. एक ९ फूट ४ इंच, पिवळा पडलेला, शेपटीला खालून एकच मोठी फिन, म्हणजे माशासारखा पर. दुसरा ६ फूट २ इंच, पांढराशुभ्र, टोकदार, तीन फिनचा, ज्याला थ्रस्टर म्हणतात. टाकीचा भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईक आधी वर बघतं आणि म्हणतं, "शेठ, हे कशाची बॉडी बनवताय?" मी सांगतो, समुद्रात लाटेवर उभं राहून यायच्या फळ्या आहेत. मग पंधरा मिनिटं टाकीचा विषय निघत नाही.

'कुठला घ्यावा' म्हणून विचारणारे नाशिकमध्येही आता बरेच भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: आपल्यासारख्या घाटावरच्या माणसाला वर्षातून दहा-बारा दिवस समुद्र मिळतो. त्याने लांब आणि जाड बोर्ड घ्यावा, जुना मिळाला तर उत्तमच. मी आधी उलटं केलं, आणि तेही ३८ हजार रुपये मोजून.

भाचा कर्नाटकात, मंगळूरजवळच्या सुरतकलच्या एनआयटीत शिकतो. पहिल्या वर्षी त्याला सोडायला गेलो तेव्हा तोच मला जवळच्या मुलकीला घेऊन गेला. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते आणि पलीकडे ससिहित्लूचा किनारा आहे. भारतात सर्फिंग ज्या मोजक्या ठिकाणी रुजलं त्यातलं हे एक. पोहायला मी गांधी तलावात शिकलो, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पुढे गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं असताना पुलावरून उड्याही मारल्यात. पाण्याची भीती नव्हती. पण गोदावरीचं पाणी माणसाला ओढून नेतं, समुद्राचं पाणी खालून उचलतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते उचलणं पहिल्यांदा पोटाला जाणवलं आणि परत येताना गाडीत मी दुसरं काही बोललोच नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरात ६-२ मागवला. तिथली पोरं असलेच बोर्ड घेऊन लाटेवर वळणं मारत होती, म्हणून मलाही तोच हवा होता. विकणाऱ्याने माझं वजन विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माझं वजन ७८ किलो, बोर्डाचं आकारमान ३३ लिटर. हे लिटरचं गणित आधी समजून घ्या. बोर्ड पाण्यात किती जागा घेतो, म्हणजे तुम्हाला किती तरंगवतो, ते त्यावरून कळतं. ३३ लिटरवर मी पालथा झोपलो की छाती पाण्यात बुडायची. वल्हवताना बोर्ड पुढे जायच्याऐवजी पाणी ढकलत बसायचा. डिसेंबरात ससिहित्लूला लाटा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या, मऊ, फारसा जोर नसलेल्या. आखूड बोर्डाला लाट उभी आणि ताकदीची लागते, आणि ती फुटायच्या क्षणाला तुम्हाला झटक्यात उभं राहावं लागतं. चार दिवसांत मला तीन लाटा मिळाल्या.

यात बोर्डाचा दोष नाही, हे मनापासून सांगतो. त्याच बोर्डावर माझा भाचा काय करतो ते मी वाळूवर बसून तासन् तास पाहिलंय. मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्याआधी लाटा वाढतात. तेव्हा तो लाटेच्या पायथ्याशी उतरतो, गुडघे पार दुमडतो, मागच्या पायाने शेपटी दाबतो आणि बोर्डाची कड पाण्यात रुतवून परत वर चढतो. वर पोचला की उलटा वळून फेसाकडे येतो. हे जमतं ते तीन फिनमुळे. १९८१ साली सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन सर्फरने सारख्या मापाच्या तीन फिनचा बोर्ड घेऊन बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, तेव्हापासून आखूड बोर्डांची हीच रचना रूढ झाली. त्याआधी दोन फिनचे बोर्ड जोरात होते. ते चपळ, पण मोठ्या लाटेवर शेपटी सटकायची. मधल्या तिसऱ्या फिनने ती धरून ठेवली. भाचा वळतो तेव्हा पाण्याचा पंखा उडतो आणि बोर्ड जराही घसरत नाही.

आता जुन्याची गोष्ट. पुढच्या वर्षी गोव्यात मांद्रेला एका गेस्टहाऊसच्या मागे नारळाच्या झावळ्यांखाली तो पडलेला दिसला. एक परदेशी पाहुणा ठेवून गेला होता, तो परत आलाच नाही. मालकाने १४ हजार सांगितले आणि मी घासाघीस केली नाही. त्याला कारण आहे. ओल्या फडक्याने शेपटीजवळची घाण पुसली तर काचेच्या थराखाली पेन्सिलने लिहिलेलं दिसलं: ९-४, २२ १/२, ३, म्हणजे लांबी फूट-इंचांत, रुंदी आणि जाडी इंचांत. खाली सही आणि ९४ हा आकडा. मधल्या लाकडी पट्टीला, ज्याला स्ट्रिंगर म्हणतात, लागून ते लिहिलं होतं. हाताने घासून फोमला आकार देणाऱ्या कारागिराने माप टाकलं, सही केली, मग वरून कापड आणि रेझीन चढवलं. मी पंचवीस वर्षं फायबरचं काम करतोय. माझ्या एकाही टाकीवर मी सही केलेली नाही. त्या पेन्सिलीच्या रेघेवर अंगठा ठेवून मी बराच वेळ उभा होतो.

आत पॉलियुरेथेनचा फोम आहे. आपल्याकडे द्राक्षांच्या शीतगृहाच्या पॅनेलमध्ये पफ भरतात, त्याच जातीचा. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क या दोघांनी हा फोम सर्फबोर्डात रूढ केला. तोवर बोर्ड बहुतेक बाल्सा लाकडाचे असत. पुढे क्लार्कचा कारखाना इतका मोठा झाला की ५ डिसेंबर २००५ रोजी त्याने तो अचानक बंद केला तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांची धांदल उडाली. त्यानंतर थर्मोकोलच्या गाभ्यावर इपॉक्सी हे वेगळं रेझीन चढवलेल्या बोर्डांना जास्त वाट मिळाली. माझा ६-२ त्याच कुळातला. हलका, कडक, ठोकर सोसणारा. कारखान्याच्या काट्यावर तो फिनसकट २ किलो ९०० ग्रॅम भरला, आणि जुना ८ किलो ६०० ग्रॅम.

दुरुस्तीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे लोकांचं खरं नुकसान होतं. जुन्या बोर्डाला दोन ठिकाणी खोक पडली होती आणि तिथला फोम पाणी पिऊन तपकिरी झाला होता. आधी तो पूर्ण वाळू दिला. सावलीत, उभा करून, तीन आठवडे. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासल्या, रेझीनमध्ये पावडर घालून लापशीसारखं भरलं, वर २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं काचेचं कापड. आपली नेहमीची तुटक धाग्यांची मॅट वापरू नका, ती जाड बसते. पॉलिएस्टर रेझीन, ते लवकर घट्ट करणारा कोबाल्ट, हार्डनर, सगळं आमच्याच कपाटातलं. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर.

हेच रेझीन नव्या बोर्डाला मात्र विषासारखं आहे. ६-२ शेडमध्ये पडून त्याचा कोपरा फुटला, तेव्हा मी गावाला होतो. आमच्याकडच्या पोराने चांगल्या मनाने नेहमीचं पॉलिएस्टर कालवून भरलं. त्यातलं स्टायरीन थर्मोकोल खातं. संध्याकाळी मी बोटाने टिचकी मारली तर आतून पोकळ आवाज आला, वाटीएवढा गाभा विरघळून गेला होता. त्याला आधी न सांगण्याची चूक माझी. पुन्हा सगळं कापून काढलं आणि इपॉक्सीने भरलं. तेव्हा बोर्ड घेतानाच विचारून ठेवा की आत कुठला फोम आहे, आणि थर्मोकोल असेल तर फक्त इपॉक्सी.

९-४ पहिल्यांदा पाण्यात घातला ती नोव्हेंबरची सकाळ होती. पालथा झोपलो तर छाती कोरडी. तीन-चार हात मारले आणि बोर्ड स्वतःहून सरकू लागला. दूधवाल्याची जड सायकल एकदा उताराला लागली की पायडल मारावं लागत नाही, तसं. लाट अजून फुटलेली नसते, नुसता एक फुगवटा मागून येतो, आणि हा बोर्ड तेवढ्यावरच चालू लागतो. त्याचा तळ जवळजवळ सपाट आहे, लांबी भरपूर आहे, म्हणून कमी जोराची लाटही त्याला पुरते. मी उभा राहिलो. घाई नव्हती. बोर्डाच्या नाकाखालून, म्हणजे पुढच्या टोकाखालून, पाणी टपटप आपटल्याचा आवाज येत होता आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं बाजूने सरकत होती. त्या सकाळी मी अकरा लाटा मोजल्या, पुढे मोजायचं विसरलो.

वळायला मात्र तो जड आहे. पुढे उभं राहून वळवायला गेलात तर हलणार नाही. दोन पावलं मागे यायचं, शेपटीवर भार द्यायचा, एकाच फिनभोवती तो दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, मग परत दोन पावलं पुढे. म्हणजे या बोर्डावर चालावं लागतं, आणि जुन्या पद्धतीचं सर्फिंग त्या चालण्यातच आहे. आखूड बोर्डावर पाय एकदा रोवले की तिथेच राहतात, कंबर आणि खांदे काम करतात.

हे मला कोणी शिकवलं तर तिथल्या कोळ्यांच्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने. मुलकीची ही चाल मला फार आवडते: सकाळच्या दोन तासांनंतर सगळे वाळूवर बोर्ड आडवे टाकतात आणि एकमेकांचे घेऊन पुन्हा आत जातात. त्या दिवशी पाच बोर्ड होते. माझे दोन, तिचा स्वतःचा ५-४, तिथल्या सर्फिंगच्या शाळेचा निळा मऊ फोमचा, आणि चेन्नईहून आलेल्या एकाचा माशाच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दोन फिनचा. या आकाराला फिशच म्हणतात. सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिसने तो मुळात गुडघ्यावर बसून लाट घेण्यासाठी काढला होता. मी तो घेऊन दोन लाटा घेतल्या. आखूड असून तरंगतो चांगला, सुटतो तर असा की पाय मागे राहतात. दुसऱ्या लाटेला शेपटी सटकली.

ती मुलगी म्हणाली, "अंकल, बडावाला दो ना." तिने ९-४ डोक्यावर घेतला, कारण तिच्या काखेत तो मावत नव्हता. आत गेली, एक साधीच कमरेएवढी लाट घेतली, बोर्ड लाटेला आडवा लावला आणि शेताच्या बांधावरून चालावं तशी पावलावर पाऊल ओलांडत पुढे गेली, अगदी नाकापर्यंत. पायाची बोटं टोकाबाहेर. टोक बुडायला हवं होतं, बुडालं नाही. ती परत आल्यावर मी तिला विचारलं तर तिने वाळूत रेघ ओढून दाखवलं: शेपटी लाटेच्या उभ्या भागात अडकलेली असते, पाणी तिच्यावरून वळसा घालून वाहतं आणि तिला खाली दाबून धरतं, म्हणून पुढे माणूस उभा राहिला तरी चालतं. मला आतापर्यंत तीन पावलं जमतात. माझा भाचा, जो सहा महिने मला "मामा, दरवाजा घेऊन कुठे निघालात" म्हणत होता, त्या दिवशी गप्प बसून पाहत होता. नंतर ९-४ दिवसभर त्याच्याकडे होता.

नेण्याआणण्याचं सांगतो. ६-२ मी एकदा नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने उडुपीपर्यंत नेलाय, वरच्या बर्थवर माझ्या शेजारी, टोक थोडं बाहेर. ९-४ साठी बोलेरोचा टप लागतो. पुणे, कोल्हापूर, हुबळी करत दोन दिवस. बोर्ड उलटा ठेवायचा, फिन वर आणि पुढच्या बाजूला, बांधायला रुंद पट्टे. खटका ओढून आवळायचे पट्टे नकोत, कडा चेपतात. वर द्राक्षबागेतली शेडनेट दुहेरी गुंडाळा, ऊन तेवढंच कमी लागतं. पाय सरकू नये म्हणून बोर्डावर जे मेण लावतात ते आपल्या उन्हात पातळ होऊन गाडीभर पसरतं, म्हणून निघायच्या आधी खरवडून टाका आणि तिथे पोचल्यावर नवीन लावा, उष्ण पाण्यासाठी बनवलेलं मागून घ्या.

आणि पत्र्याखाली ठेवू नका. पहिल्या एप्रिलमध्ये मी जुना बोर्ड शेडच्या पत्र्याखाली टांगला होता. तळहाताएवढा फुगा आला, कापड फोमपासून सुटलं. दोन बारीक भोकं पाडून सिरिंजने रेझीन सोडलं आणि रात्रभर वाळूची पिशवी ठेवली. बसला, पण हात फिरवला की जागा लागते.

नव्याच्या ३८ हजारांत पिशवी आणि पायाला बांधायची दोरी आली. जुन्याचे १४ हजार, दुरुस्तीचं सामान दोनेक हजारांचं, दोरी वेगळी घ्यावी लागली. जुना घेताना तीन गोष्टी बघा. पाठीवर सगळीकडे अंगठ्याने दाबा, कुठे मऊ लागतंय का. मधली लाकडी पट्टी डोळ्याच्या रेषेत धरून सरळ आहे का बघा. फिनच्या बुडाशी तडा असेल तर सोडून द्या, तिथून पाणी आत गेलेलं असतं.

या नोव्हेंबरात ६-२ भाच्याकडे ठेवून येणार आहे, त्याच्या हातात तो शोभतो. त्याने फोनवर विचारलं, "मामा, मोठा पण इथेच राहू दे ना, हॉस्टेलच्या जिन्याखाली जागा आहे." मी नाही म्हणालो. बोलेरोचे पट्टे नवीन आणलेत, आणि शेपटीच्या त्या पेन्सिलीच्या अक्षरांवर ऊन लागून फिकं पडू नये म्हणून शेडनेटची तिसरी घडी शिवून घेतलीय.