ग्वाश: दहा महिने, एक पावसाळा आणि येऊरचा हिरवा

गेल्या दिवाळीनंतर जलरंगांच्या पेटीला सुट्टी दिली आणि ग्वाशच्या सहा ट्यूब घरी आणल्या. (आमचा दुकानदार 'गौचे' म्हणतो. ट्यूब तीच मिळते, म्हणून मी वाद घालत नाही.) टेबलावर मांडल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढे पैसे घालून पोस्टर कलरच आणलेस की!" तसं चूक नव्हतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बाटलीतल्या ज्या रंगाने आपण डिझाइनं भरली, त्याच घराण्यातला हा रंग: डिंकात घोटलेला, पाण्यावर चालणारा, पण खालचा कागद झाकून टाकणारा. चांगल्या ग्वाशमध्ये रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं, स्वस्त पोस्टर कलरमध्ये खडूसारखी भर जास्त, एवढाच काय तो फरक. किमतीतला फरक मात्र चांगलाच जाणवतो.

मी वीस वर्षं पारदर्शक जलरंगात काम केलंय. कागदाचा पांढरा जपायचा, पांढऱ्या ट्यूबला हात लावायचा नाही, हे हाडीमाशी मुरलेलं. त्यामुळे पहिल्याच रविवारी ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळचं गडद पाणी रंगवून झाल्यावर त्यावर दिव्यांचे पिवळे ठिपके ठेवले, तेव्हा परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटलं. मजाही तेवढीच आली. चुकलं तर वरून झाकता येतं, मग घाबरायचं कशाला, असा माझा समज झाला. तो जानेवारीपर्यंत टिकला.

जानेवारीत ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. ओहोटीचा करडा चिखल आणि त्यावर गुलाबी पक्ष्यांची रांग. जलरंगात हे चित्र म्हणजे डोकेदुखी: प्रत्येक पक्ष्यापुरता कागद आधी राखून ठेवा, नाहीतर तेवढा कागद झाकणारं मास्किंग फ्लुइड लावा आणि नंतर खरवडत बसा. ग्वाशने मी चिखल सरसकट रंगवला, वाळू दिला आणि वर गुलाबी ठेवला. पहिला पक्षी झकास उतरला. दुसऱ्यावर ब्रश तीनदा फिरला आणि खालचा करडा विरघळून वर आला. पक्षी चिखलात लोळून आल्यासारखा दिसायला लागला. डिंक वाळला तरी पाणी लागताच पुन्हा सुटतो. झाकता येतं हे खरं, पण ब्रशच्या एकाच फटक्यात, कमी पाण्यात.

तेव्हापासून माझं माप ठरलंय: पहिला थर ताकासारखा, दुसरा दह्यासारखा, शेवटचा श्रीखंडासारखा. आणि श्रीखंड एकदा ठेवलं की घोटत बसायचं नाही. फार जाड लावलं तर ते वाळून तडकतं, वही वाकली की टवके निघतात. हेही करून झालंय.

ग्वाशची दुसरी खोड मला अजून पुरती जमलेली नाही. उपवन तलावाच्या काठावरून मागचा येऊरचा डोंगर मी निदान पंधरा वेळा रंगवला असेन. ओला असताना आकाशाचा फिका जांभळा अगदी हवा तसा दिसतो, वाळला की एक पायरी गडद. पायथ्याची सावली उलट फिकी आणि पिठूळ होते. दोघं एकमेकांकडे सरकतात आणि चित्र मधल्याच कुठल्या तरी सुरात येऊन बसतं. म्हणून आता त्याच कागदाची पट्टी जवळ ठेवते, मिश्रण लावते, वाळू देते, मगच चित्राकडे वळते. मिश्रणही भरपूर करून ठेवते, कारण संपल्यावर तोच हिरवा पुन्हा बनवणं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही.

खरेदीत एकदा फसले. पांढरा संपला म्हणून घाईत ट्यूब उचलली, ती निघाली ॲक्रिल ग्वाश. दिसायला तसाच मॅट, पण त्यात डिंकाऐवजी ॲक्रिलिक असतं. वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. खालचा रंग वर येऊ नये असं वाटणाऱ्याला तो सोयीचाच, पण माझ्या पॅलेटवर प्लास्टिकसारखा बसला आणि एक सेबल ब्रश गेला. पांढरा घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा कोडही बघा: पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, नीट झाकतो, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक, जरा पारदर्शक, फिक्या छटांसाठी बरा.

भडक गुलाबीची परीक्षा मी पश्चिमेच्या खिडकीत घेतली. रंगांची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून मार्च-एप्रिलचं ऊन खाऊ दिलं. अल्ट्रामरीन जागचा हलला नाही. गुलाबी उघड्या बाजूला ओळखू येईना. फ्लेमिंगोंची चित्रं आता कपाटातच असतात.

आणि मग पाऊस. ठाण्यातल्या जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथे रंग काय वाळणार! झाकण लावून ठेवलेल्या पॅलेटवर चार दिवसांत पिवळ्या मातकट रंगाला हिरवट लव आली आणि घरभर कुबट वास. डिंक आणि ओल, बुरशीला आणखी काय हवं? पॅलेट धुऊन काढलं, सगळा रंग फेकला. आता लागेल तेवढाच काढते आणि पॅलेट उघडंच वाळू देते. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकून पाहिला. वास छान येतो, बुरशी थोडी लांबते, पण भर पावसात त्याच्या भरवशावर राहू नका. त्याहून जिव्हारी लागलं ते प्लास्टिकच्या फाइलमधल्या चित्रांचं. दमट हवेत तीन चित्रं प्लास्टिकला चिकटली, सोडवताना येऊरचा अर्धा डोंगर फाइलवरच राहिला. आता प्रत्येक चित्रावर बटर पेपर आणि जाड पुठ्ठ्याची फाइल. भिंतीवर लावायचं तर काच हवीच, आणि काच चित्राला टेकता कामा नये.

तरी जलरंगांची पेटी मी अजून पूर्णवेळ उघडलेली नाही. मॅट पृष्ठभागामुळे फोनने काढलेला फोटोसुद्धा चकाकत नाही, प्रिंट चित्राच्या बरीच जवळ येते. गेल्या महिन्यात जुन्या सवयीने एका चित्रात ढगासाठी कोरा कागद राखून ठेवला. लेक म्हणाली, "आई, इथे रंगवायचं राहिलंय." कोपरा तसाच आहे. पांढऱ्याची चौथी ट्यूब संपत आलीय.